'च' उजवीकडून येतो

शाळेतली मुलं त्यांना हळू सर म्हणत. हे नाव त्यांच्या चालण्यावरून पडलेलं नव्हतं. चालताना ते चांगले झपाझप चालत आणि जिना तर दोन दोन पायऱ्या गाळून उतरत. नाव पडलं ते त्यांच्या तोंडातल्या शब्दावरून. वर्गात कुणी कविता वाचायला उभं राहिलं की पहिल्या ओळीलाच सर हात वर करत आणि म्हणत, "हळू. कुठं आग लागलीय?" मुलगा पुन्हा वाचायचा, सर पुन्हा "हळू" म्हणायचे. असं करता करता चाळीस मिनिटांत सहा ओळी झाल्या, तर आज आपण जरा घाई केली अशी रुखरुख सरांना घरी जाईपर्यंत लागून राही.

गुरुवारचा शेवटचा तास त्यांचा होता. वेळापत्रकात त्याला 'वाचनतास' म्हटलेलं होतं. त्याला परीक्षा नव्हती, गुण नव्हते, वहीसुद्धा नव्हती. नववीच्या वर्गाने एखादी छोटी कविता किंवा गोष्टीतला एखादा परिच्छेद घ्यायचा आणि त्यातला एकेक शब्द, बाजारात टोमॅटो उलटसुलट करून बघतात तसा, उलटसुलट करून बघायचा. अठरा वर्षं हा तास चालला होता. अठरा वर्षांत शाळेचं त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं, आणि तेच त्याच्या दीर्घायुष्याचं कारण होतं.

लक्ष गेलं ते नव्या मोठ्या बाईंचं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांना रिकामी जागा बघवत नसे. आल्या आल्या त्यांनी व्हरांड्यातल्या रिकाम्या कोपऱ्यात कुंड्या ठेवल्या होत्या, आणि आता वेळापत्रकाकडे वळल्या होत्या.

"सर, या तासात नक्की होतं काय?"

"वाचन होतं."

"ते बाकीच्या तासांना होत नाही का?"

"होतं. पण भरभर होतं."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून उघडले. "हे बघा, मी हा तास सराव चाचणीला द्यायचं म्हणतेय. पण तुम्ही इतकी वर्षं घेताय, म्हणून एक संधी. मंगळवारी तपासणीला साहेब येतायत. त्यांच्यासमोर हा तास घेऊन दाखवा. त्यांना पटलं तर राहील, नाही पटलं तर मला दोष देऊ नका. आणि खडू-फळा नको हं. आता सगळीकडे प्रेझेंटेशन असतं. चित्र, आवाज, हालचाल. तुम्हाला जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" सर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी मानेला असा झटका देऊन म्हटलं की जणू सकाळी दात घासता घासता ते एक-दोन प्रेझेंटेशनं उरकून येत असावेत. प्रत्यक्षात कॉम्प्युटरवर त्यांनी आजवर केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे तो बंद करणं, आणि तेही एकदा वायर ओढून. पण अपमान गिळणं सरांना कधी जमलं नव्हतं. व्हरांड्यात येऊन ते कुंडीपाशी थांबले, आणि तास जाणार म्हणजे काय होणार हे तिथे त्यांना पहिल्यांदा नीट कळलं. बाकीचे तास त्यांची नोकरी होती. गुरुवारच्या तासासाठी ते मास्तर झाले होते.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको मोठ्या दवाखान्याच्या औषधविभागात होती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधं देणं हे तिचं काम. दिवसभर ती असलं अक्षर वाचायची की सरांच्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही त्यातली वेलांटी सापडली नसती.

"मग तुम्ही हो कशाला म्हणालात?" ती म्हणाली. "आधी कुणाला तरी विचारायचं. पण तुम्ही ऐकतच नाही कुणाचं."

सरांचा चेहरा एकदम खुलला. "बघ! 'ऐकत नाही' म्हणाली असतीस तर ती आजची तक्रार झाली असती. तू 'ऐकतच नाही' म्हणालीस. त्या 'च'मध्ये आपल्या संसाराची सव्वीस वर्षं आली."

"सव्वीसच?" बायको म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

सर तिथेच बसून राहिले. त्यांना कविता सापडली होती. कधी काळी एका जुन्या मासिकातून उतरवून घेतलेली, कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसलेली, सहा ओळींची:

*सांजेला तो निघून गेला,*
*लावले नाही दार.*
*वारा आला, धूळ आली,*
*वाळकी पाने चार.*
*आई म्हणाली, असू दे.*
*दार उघडेच आहे.*

सगळी कविता त्या शेवटच्या 'च'वर उभी आहे असं सरांचं ठाम मत होतं. तो काढला तर ती नुसती दाराची बातमी होते. तो असला की त्यात आई दिसते, वाट बघणं दिसतं, आणि कुणालाही दाराला हात लावू न देणारी तिची जिद्दही दिसते. बेत ठरला. पडद्यावर आधी 'च' नसलेली ओळ दाखवायची. मुलांना ती नीट बघू द्यायची. मग उजवीकडून सावकाश 'च' आणायचा आणि त्याच्या जागेवर बसवायचा. चित्र, आवाज, हालचाल, तिन्ही एका अक्षरात. मोठ्या बाईंनी बघत राहावं!

इथपर्यंत सगळं सरांच्या डोक्यात होतं, आणि तिथं ते फार सुरेख होतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त व्यवस्थापक राहत. तीस वर्षं ते सिमेंटच्या कंपनीत प्रेझेंटेशनं करत आले होते आणि निवृत्तीनंतर करायला विषय उरला नाही म्हणून उदास असत. जिन्यात सरांचं बोलणं कानावर पडताच त्यांच्या गालांवर रंग आला. "सर, तुम्ही काहीच करू नका. मजकूर द्या. उद्या सकाळी तयार."

सकाळी खरोखरच तयार होतं. सरांनी त्यांच्या पडद्यावर वाचलं:

*१. विषय: दार.*
*२. मुलगा गेला (वेळ: सायंकाळ).*
*३. परिणाम: वारा, धूळ, पाने (नग ४).*
*४. आईचा प्रतिसाद: सकारात्मक.*
*५. सद्यःस्थिती: उघडे.*

पुढच्या पानावर एक गोल होता, आणि त्यात वारा, धूळ आणि पानं यांचं प्रमाण तीन रंगांत दाखवलेलं होतं. धूळ सर्वांत जास्त होती.

"आणि यातली कविता?" सरांनी विचारलं.

"काढली. लोकांना मुद्दा हवा असतो."

"आणि 'च'?"

"मुद्द्यात 'च' नसतो, सर," व्यवस्थापक अतिशय मायेने म्हणाले. "मी तीस वर्षांत एकदाही वापरलेला नाही."

सरांनी चहा पुरा न करता काढता पाय घेतला. जिन्यात त्यांना वाटलं, हा माणूस तीस वर्षं 'च'शिवाय कसा जगला असेल? आणि मग वाटलं, सराव चाचणीत तरी दुसरं काय असतं?

दुसरा सल्लागार तळमजल्यावर होता. तिथे लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं दुकान होतं. माणूस मनाने मोकळा, हातात कला, पण आयुष्यभर लग्नंच केल्यामुळे त्याला सगळ्या गोष्टींचा शेवट गोड करायची सवय लागली होती.

"सर, 'च' कसा आणू? उडत, गिरक्या घेत, का एकदम फुटून?"

"चालत येऊ दे. सावकाश."

"चालत?" शूटिंगवाला खिन्न झाला. "बरं, निदान पोचल्यावर घंटा तरी वाजवू."

दोन दिवस दोघे बसले. सर मागे उभे राहून "हळू, हळू" म्हणत आणि तो "सर, हे मशीन आहे, याला हळू कळत नाही" म्हणत. पहिल्या नमुन्यात आई "असू दे" म्हणताच वरून गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या. त्या काढल्या. दुसऱ्या नमुन्यात तो सांजेला निघून जात असताना सनई वाजली. तीही काढली. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक लाल बदाम होता, तो मात्र काही केल्या निघेना. "हा साच्यातच आहे," शूटिंगवाला म्हणाला. "लहान करतो. कुणाचं लक्ष जाणार नाही." बदाम लहान झाला, पण धडधडू लागला.

"आणि एक सांगतो," निघताना तो म्हणाला, "आपली अक्षरं दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की फुटतात. म्हणून सगळ्या ओळींची मी चित्रं करून टाकलीत. आता काही होणार नाही. फक्त 'च' तेवढा अक्षर म्हणून ठेवलाय. चित्र केलं तर तो चालत नाही."

सरांना यातलं काहीच कळलं नाही, पण त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. पुढे जे झालं त्याचा सगळा दोष त्या मान हलवण्याकडे जातो.

आता उरला अर्ज. शाळेत एक दृकश्राव्य कक्ष होता, आणि तो मिळवायला हेडक्लार्कच्या टेबलावरून जावं लागे. हेडक्लार्क हा शाळेतला सर्वांत जुना माणूस. त्याच्या टेबलावरून कागद हलला नाही तर शाळेत सूर्यही उगवत नाही असं त्याला वाटे, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्य होतं. सरांनी अर्ज लिहिला: 'दृकश्राव्य कक्ष येत्या मंगळवारीच मिळावा ही विनंती.'

हेडक्लार्कने चष्मा वर केला. "ही विनंती आहे की दमदाटी?"

"विनंती."

"मग हा 'च' कशाला? अर्जात 'च' चालत नाही, सर. 'च' म्हणजे हट्ट. खोडा आणि बाजूला सही करा."

आयुष्यभर ज्याने 'च'ची बाजू घेतली त्या माणसाने स्वतःच्या हाताने 'च' खोडला आणि खोडल्याबद्दल सही केली. ती सही जरा थरथरलेली आहे. कागद अजून फाइलीत आहे, कुणीही बघावा.

दुसऱ्या दिवशी अर्ज मंजूर होऊन आला. कक्ष बुधवारी दिला होता.

"अहो, साहेब मंगळवारी येतायत!"

"मंगळवारी मिळावा, असं लिहिलंत. म्हणजे मंगळवारी मिळाला तर बरं. मंगळवारी तिथे बाकं मोजायची आहेत. बुधवार मोकळा होता."

"म्हणून तर मी 'च' लिहिला होता!"

"तो अर्जात चालत नाही," हेडक्लार्क शांतपणे म्हणाला. मग सरांचा चेहरा बघून त्याला कणव आली असावी. "असं करा. 'फक्त मंगळवारी' लिहा. 'फक्त' चालतं."

'फक्त' चालतं आणि 'च' चालत नाही यावर सरांनी एरवी दोन गुरुवार काढले असते. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने नवा अर्ज लिहिला.

सोमवारी शिपाईमामांनी कक्ष उघडला. आत मोडकी बाकं, प्रयोगशाळेतला एका हाताचा सांगाडा आणि मामांची स्वतःची सायकल होती. पडदा मात्र ठीक होता. सरांनी प्रोजेक्टर लावून बघायचा म्हटला, तर मामांनी तो लावला, भिंतीवर एक निळा चौकोन पडला, आणि सरांनी पेन ड्राइव्ह खिशातून काढेपर्यंत मामांनी तो बंदही केला.

"चालतोय. बघितलंत ना?"

"अहो, माझं प्रेझेंटेशन तर बघू द्या."

"दिवा मोजून जळतो, सर. आज जाळला तर उद्या साहेबांसमोर काय जाळणार?"

सरांनी पेन ड्राइव्ह पुन्हा खिशात ठेवला.

मंगळवारी सकाळी सर दोनदा बूट घालून दोनदा काढून बसले. बायको डबा भरत होती.

"आणि काही चुकलं तर?" त्यांनी विचारलं. हे वाक्य ते बायकोशिवाय कुणाला म्हणाले नसते.

"चुकेलच काहीतरी," बायको म्हणाली. "आमच्याकडे चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तर आम्ही ते लपवत नाही आणि अंदाजही करत नाही. चारजणी मिळून बघतो. मागचं बघतो, पुढचं बघतो, रोग्याला काय झालंय ते बघतो. लागतं मग. त्यात लाज कसली?" आणि डबा त्यांच्या हातात देत म्हणाली, "जा. जमेलच."

सरांनी तो 'च' खिशात घातल्यासारखा जपून नेला.

तिसऱ्या तासाला कक्षात नववीची एकेचाळीस मुलं दाटीवाटीने बसली. अंधारासाठी खिडक्यांवर काळं कापड टाकलेलं, दार बंद. साहेब दहा मिनिटं उशिरा आले. बारीक, घामाघूम आणि कुठल्याही गोष्टीने न हसणारे. मोठ्या बाईंच्या शेजारी खुर्चीवर बसून त्यांनी गुडघ्यावर एक छोटी डायरी ठेवली. त्यांच्यासाठी उघडलेलं दार धरून शिपाईमामा तसेच उभे राहिले, कारण पुढे काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी बटण दाबलं. सांजेला तो निघून गेला. दार लावलं नाही. वारा आला, धूळ आली, पानं आली, आणि सगळं जिथल्या तिथे. मुलं एकेक ओळ वाचत होती, सर "हळू" म्हणत होते, आणि साहेबांनी डायरीत अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं. आई म्हणाली, असू दे. मग पडद्यावर आलं, 'दार उघडे आहे', मध्ये एक नीट राखलेली मोकळी जागा ठेवून.

"आता बघा," सर म्हणाले. "आता इथे एक अक्षर येईल. एवढंसं अक्षर. त्याच्याकडे नीट लक्ष द्या."

त्यांनी बटण दाबलं. उजवीकडून, अतिशय सावकाश, डौलात चालत एक अक्षर आलं, मोकळ्या जागेत जाऊन बसलं आणि घंटा वाजली.

*दार उघडे p आहे.*

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "पार्किंग!"

वर्ग कोसळला. एकेचाळीस मुलं बाकांवर लोळत होती. "दारात पार्किंग आहे!" कुणीतरी ओरडलं. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. सांगाड्याचा उरलेला हातसुद्धा हलल्याचा भास सरांना झाला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळात बघितलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

सरांचे कान तापले. अठरा वर्षं त्या पडद्यावर पी होऊन बसली होती. बटण पुन्हा दाबावं, की पळून जावं, की प्रोजेक्टरवर कोट टाकावा, असे तीन विचार एकदम आले. चौथा विचार डब्याचा आला. चारजणी मिळून बघतो. त्यात लाज कसली?

"शांत," ते म्हणाले. "हे अक्षर चुकलंय. मला दुसरं आणायचं होतं, ते मशीनला वाचता आलं नाही. कविता तुमच्या पुस्तकात नाही, म्हणजे तुम्हालाही ते माहीत नाही. तर मग तुम्हीच सांगा, इथे काय असेल? एकच अक्षर आहे."

हसणं ओसरायला थोडा वेळ लागला. मग एकजण म्हणाला, "'का' असेल, सर. दार उघडे का आहे?"

"'ना'!" दुसरा. "दार उघडे ना आहे."

"असं कोण बोलतं?"

"'ही'! बंद आहे, उघडेही आहे."

"एकाच वेळी? दार आहे का काय आहे?"

"हळू," सर म्हणाले. "कुठं आग लागलीय? एकेक घेऊ. 'का' घालून बघा. मागची ओळ वाचा. बसतंय?"

मुलं मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. सर पडद्यापासून बाजूला झाले होते, आणि ते झाल्याचं त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. खिडकीशी एक मुलगी बसायची. ती वर्षभरात तोंडातून शब्द काढत नसे. सगळे तिला मौनी म्हणत. तिने हात वर केला.

"'का' नसणार, सर. 'का' असता तर आईने विचारलं असतं. ती विचारत नाहीये. ती असू दे म्हणाली."

"मग?"

"'च' असेल."

सर काही बोलणार तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

"आणि काहीच नसलं तर?" साहेब पहिल्यांदाच बोलत होते. "दार उघडे आहे. वाक्य पुरं आहे, अर्थ कळतो. तो 'च' नसला तर असं काय बिघडतं?"

हाच प्रश्न मोठ्या बाईंचा होता, व्यवस्थापकांचा होता, हेडक्लार्कचा होता. एक तास नसला तर असं काय बिघडतं? सरांना उत्तर येत होतं. अठरा वर्षांचं पाठ होतं. पण त्यांनी दातांखाली जीभ धरली आणि मौनीकडे बघितलं.

ती घाबरली होती. बाकाची कड धरून उभी राहिली. "उघडं आहे हे... हे बाहेरून येणाऱ्यालापण दिसतं, साहेब," ती हळूहळू म्हणाली. "उघडंच आहे हे फक्त आत बसलेल्याला माहीत असतं. कारण त्याने ते लावलं नाहीये. इतके दिवस."

इतका वेळ दार धरून हात अवघडलेले शिपाईमामा अदबीने म्हणाले, "साहेब, आत फार उकडतंय. दार लावून घेऊ, का उघडंच राहू दे?"

आणि साहेब, रुमालाने मान पुसत, सहज म्हणाले, "उघडंच राहू दे."

मुलांचा असा काही जल्लोष झाला की मामा दचकून सायकलीवर आदळले आणि तिची घंटा वाजली. आपण काय बोललो ते साहेबांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण उशीर झाला होता. ओठांच्या एका कोपऱ्यातून हसू बाहेर पडलंच. त्या गडबडीत सरांचा अंगठा बटणावर पडला आणि पडद्यावर शेवटचं पान आलं. त्यावर काही नव्हतं, कोपऱ्यात फक्त एक लहानसा लाल बदाम धडधडत होता.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"साच्यातच आहे," सर म्हणाले.

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं, उठले आणि निघून गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे सरांनी कसे काढले ते बायकोला विचारावं. अहवाल यायचा होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "तोवर तास घ्या." हे 'तोवर' सरांना झोपू देईना. व्यवस्थापकांनी दिलासा म्हणून एक तक्ता काढून दिला, त्यात आशेचं प्रमाण बासष्ट टक्के होतं. शूटिंगवाल्याने 'च'चंही चित्र करून चालवायची युक्ती शोधून काढली आणि धावत सांगायला आला. सर म्हणाले, "राहू दे. तो पीच बरा आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांना लागेल." बोलून झाल्यावर आपण पुढच्या वर्षाबद्दल बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं.

चौथ्या गुरुवारी शेवटच्या तासाला दारात हेडक्लार्क उभा राहिला. तो कधी कुणाच्या वर्गापर्यंत आला नव्हता. कागद त्याच्याकडे येत, तो कागदांकडे जात नसे. आज त्याच्या हातात एक कागद होता आणि चेहरा गोंधळलेला होता.

"सर, अहवाल आलाय. साहेबांनी हाताने लिहिलाय, मला टंकून फाइलीला लावायचाय. एक अडचण आहे." त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "'नववीचा वाचनतास सुरूच ठेवावा.' असं लिहिलंय. सरकारी कागदात 'च'! मी काढायलाच निघालो होतो."

सर एका ढांगेत दाराशी आले.

"मग म्हटलं, जरा थांबावं," हेडक्लार्क पुढे म्हणाला. तो सावकाश बोलत होता, आणि आपण सावकाश बोलतोय याचं त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. "मी ते दोनदा वाचलं. 'सुरू ठेवावा' म्हटलं, तर पुढच्या वर्षी कुणीतरी विचारणार, अजून ठेवायचा का? 'सुरूच ठेवावा' म्हटलं, की विचारायची सोय उरत नाही. एवढ्याशा अक्षरात केवढं काम करून गेलेत साहेब! तर तुम्हाला विचारायला आलो. काढू, का ठेवू?"

सर तोंड उघडणार, तोच अख्खा वर्ग ओरडला, "ठेवाच!" आणि त्यात सर्वांत मोठा आवाज खिडकीशी बसलेल्या मौनीचा होता.

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. नेहमीसारखा हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "कुठं आग लागलीय?"